अनुभव धागा : वडिलांनी सांगितलेलं एक वाक्य, आणि ते कुठे सांगितलं

सुदामानगर, इंदूर (धागा काढणारा)

मुलगा पुढच्या महिन्यात पुण्याला शिकायला चाललाय. सतरा पूर्ण झाली. परवा रात्री वही घेऊन बसलो, त्याला काय काय सांगायचं ते लिहून द्यावं म्हणून. दीड पान भरलं आणि लक्षात आलं की यातलं माझं काहीच नाही, सगळं दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं आहे. आणि कागदावर ते फार कोरडं दिसत होतं. ‘पाणी जपून वापरावे.’ हे वाचून कोणता मुलगा नळ बंद करेल? पान फाडून टाकलं.

मला मात्र दादांचं हेच वाक्य चाळीस वर्षं पुरलंय. दादा नळखात्यात होते, नर्मदाकाठच्या जलूदच्या पंपांवर. नर्मदा (म्हणजे तिचं पाणी) इंदूरला आली १९७८ मध्ये. त्याआधी १९७० मध्ये ती यावी म्हणून अख्खं शहर रस्त्यावर उतरलं होतं, त्यात दादाही होते, तेव्हा नोकरीही नव्हती त्यांना. आई सांगायची, नर्मदा येण्याआधी उन्हाळ्यात सार्वजनिक नळावर पहाटे तीनला घागरी रांगेत लावून यावं लागे. मी १९७५ चा. मला यातलं काही आठवत नाही. मला नळ उघडला की पाणी येतं एवढंच माहीत.

१९८४ चा उन्हाळा असेल. दात घासताना मी नळ सोडून ठेवला होता. दादा रागावले नाहीत. पुढच्या रविवारी मला जलूदला घेऊन गेले. पंपघरात इतका आवाज की बोललेलं ऐकू येईना. त्यांनी माझा हात धरून त्या जाड्या नळावर ठेवला. तो थरथरत होता. बाहेर आल्यावर म्हणाले, “हे पाणी इथून विंध्याचल चढतं. सत्तर किलोमीटर जातं. मग तू दात घासतोस.”

बस. पुन्हा कधी तो विषय काढला नाही त्यांनी.

म्हणून हा धागा. उपदेशांची यादी नको आहे. वडिलांनी सांगितलेली एकच गोष्ट लिहा, पण ती कुठे सांगितली, तेव्हा काय चाललं होतं, आणि पुढे तिचं काय झालं, तेही लिहा. आई, बहिणी, मुली, सगळ्यांनी लिहावं.

रामबाग

आमच्या अण्णांचं वाक्य: “सही करायची तर ते पैसे आज आपल्या खिशातून गेले असं समजून कर.”

अण्णा सरकारी शाळेत शिक्षक. १९८७ मध्ये एका मित्राने पतसंस्थेतून बारा हजार उचलले आणि अण्णा जामीन राहिले. दोघं एका वर्गात शिकलेले, एका आळीत वाढलेले. ‘नाही’ म्हणणं अण्णांच्या डोक्यातच आलं नाही. वर्षभरात मित्राचं दुकान बसलं, हप्ते थांबले आणि संस्थेने अण्णांच्या पगारातून कापायला सुरुवात केली. महिन्याला तीनशे दहा. पावणेचार वर्षं. आईने त्या काळात दूध अर्धा लिटरवर आणलं आणि माझी क्रिकेटची कोचिंग बंद झाली.

मी चौदा वर्षांचा होतो आणि त्या मित्रावर मनापासून चिडलेला होतो. एक दिवस ते काका घरी आले आणि मी उठून आत गेलो. ते गेल्यावर अण्णांनी मला ओसरीवर बसवलं आणि जामिनाच्या कागदाची नक्कल पुढे टाकली. म्हणाले, “वाच. मोठ्याने वाच.” खाली अण्णांची सही होती, त्यांच्या सुंदर अक्षरातली. “यात त्याने मला फसवलं असं कुठे लिहिलंय? मी न वाचता सही केली असं लिहिलंय.” मग ते वरचं वाक्य म्हणाले.

पुढे मी बँकेत लागलो, तेव्हा कायदा वाचला. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १२८. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. पुष्कळ लोक समजतात, की आधी कर्जदाराकडून वसुली होईल, अगदीच काही हाती लागलं नाही तर मग आपला नंबर. तसं नाही. संस्था सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. काउंटरच्या या बाजूला बसून मी पन्नाशीतल्या माणसांना हे समजताना बघितलंय. चेहरा उतरतो तो बघवत नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी माझ्या आतेभावाने विचारलं, जामीन राहतोस का म्हणून. मी अण्णांसारखा हिशेब मांडला. एवढे पैसे गेले तर चालतील का? नाही चालणार. किती गेले तर चालतील? चाळीस हजार. ते त्याला दिले, परत मागणार नाही म्हणून सांगितलं, आणि सही केली नाही. तो काही महिने बोलत नव्हता. आता बोलतो.

आणि हो, अण्णांनी त्या मित्राशी शेवटपर्यंत संबंध ठेवला. दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला मला पाठवायचे. हे मला तेव्हा कळलं नाही. आताही पूर्ण कळलंय असं म्हणवत नाही.

माहेर जेल रोड, इंदूर, सध्या बडोदा

मी मुलगी. धाग्यात सगळ्यांना बोलावलंय म्हणून लिहिते, कारण माझं दुखणं जरा वेगळं आहे. आमच्या नानांनी सल्ला दिला तो भावाला. मला नाही.

दादाला पहिली नोकरी लागली त्या संध्याकाळी वाड्याच्या चौकात दोघं बसले होते आणि मी वरच्या मजल्यावर गॅलरीत कपडे काढत होते. नाना त्याला म्हणाले, “पगार हातात आला की दहावा हिस्सा आधी बाजूला काढ. उरलेल्यात घर चालव. उरलेलं बाजूला काढीन म्हणशील तर उरणार काही नाही.” मग पीपीएफबद्दल सांगितलं, की पंधरा वर्षांचं खातं असतं, १९६८ पासून सरकारने सुरू केलंय, वर्षाला शंभर रुपये टाकले तरी चालू राहतं. (तेव्हा शंभर होते, आता पाचशे आहेत.)

दोन वर्षांनी, १९९१ मध्ये, मला शाळेत नोकरी लागली. पेढे वाटले, नानांनी पाठीवर हात ठेवला, म्हणाले, “छान झालं. आता स्थळं बघायला हरकत नाही.” दहाव्या हिश्श्याबद्दल एक अक्षर नाही. मी दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून बँकेत गेले आणि माझ्या नावाने खातं उघडलं. पगार साडेअकराशे होता. एकशे पंधरा रुपये.

लग्न होऊन बडोद्याला आले, नोकरी सुटली, पुन्हा लागली, मध्ये दोन वर्षं वर्षाचे शंभरच टाकले, पण खातं बंद पडू दिलं नाही. २००७ मध्ये ते पिकलं. मुलीच्या शाळेची फी त्यातून भरली. उरलेल्याची मुदत पाच वर्षं वाढवून घेतली, तशी सोय असते, मग आणखी पाच.

नाना तोपर्यंत थकले होते. मी त्यांना सांगितलं, की नाना, तुम्ही दादाला सांगितलं होतं ते मी गॅलरीतून ऐकलं होतं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुला खाली बोलवायला हवं होतं.”

ज्यांना मुलगा आणि मुलगी दोन्ही आहेत, त्यांनी दोघांना एकदम बोलवा, एवढंच मागते.

परदेशीपुरा

बाबा कापडगिरणीत, साच्यावर, म्हणजे मागावर. कोणत्या ते लिहीत नाही. एकेक करून सगळ्याच बंद पडल्या, दुःख सगळ्यांचं सारखंच. भोंगा बंद झाला तेव्हा मी सहावीत होतो. पहिले काही दिवस बाबा त्याच वेळेला उठायचे, डबा मागायचे, मग आठवायचं.

इंदूरबाहेरच्यांसाठी सांगतो, अनंत चतुर्दशीला इथे गिरण्यांच्या झांक्या निघतात. रात्रभर, अगदी सकाळपर्यंत. जेल रोडवर, राजवाड्यावर लोक चादरी टाकून बसतात. देखाव्यातल्या मूर्ती हलतात, रावणाची मान फिरते, कृष्ण कालियावर नाचतो. हे सगळं गिरणी कामगारच करत आले: मोटर, पट्टा, चाकं, शेकडो बल्बांची वायरिंग. बाबा दर वर्षी पाळी संपवून दोन महिने तिथे राबायचे. आई कुरकुरायची, की पैसे तर मिळत नाहीत. बाबा म्हणायचे, “हात शिकून राहिलेत ना.”

गिरणी गेल्यावर तेच हात कामाला आले. बाबांनी लोकांच्या घरची वायरिंग सुरू केली, मग मोटर भरायला शिकले, मग मालवा मिल चौकाजवळ एक टपरी टाकली. गिरणीचे पैसे अडकले ते अडकलेच, पण आमची चूल त्या झांकीच्या विद्येवर चालली. गिरणी बंद झाल्यावरही झांकी बंद पडू दिली नाही त्या लोकांनी. वर्गणी मागून काढली. बाबा स्वतः डबा घेऊन दुकानादुकानांत जायचे, ज्या माणसाने घरी कधी उधारी मागितली नाही तो.

त्या टपरीवर, मी बीकॉमच्या पहिल्या वर्षाला असताना, बाबांनी माझ्यापुढे एक मिक्सर उघडा करून ठेवला. म्हणाले, “डिग्री घे. पण हाताला एक काम जास्त ठेव.” तो मिक्सर दुरुस्त करायला मला चार दिवस लागले. दोनदा शॉक बसला. आज ऑफिसात बसतो, एक्सेल करतो, पण घरातली मोटर मीच भरतो. माझा पोरगा बारा वर्षांचा आहे. त्याच्यापुढे मी सध्या सायकल उघडून ठेवली आहे.

छत्रीबाग

छोटंसं. आमचे भाऊ (वडिलांना आम्ही भाऊच म्हणायचो) सांगत, “लग्नाला नाही गेलास तर चालेल. खांदा द्यायला जा.” पंचकुइयाच्या मुक्तिधामाच्या पायऱ्यांवर सांगितलं होतं, मी पंधराचा असताना, एका अशा माणसाच्या अंत्ययात्रेत ज्याला आम्ही नीट ओळखतही नव्हतो. सात जण होते फक्त. भाऊंनी शेजारच्या चहावाल्याला हाक मारली, “भिया, दोन मिनिटं ये.” तो गल्ला उघडा टाकून आला.

तिलकनगर

मला धाग्याच्या उलट लिहायचं आहे. वडिलांचा एक सल्ला मी मोडला, आणि मुलाला त्याच्या उलट सांगतो.

बाबा क्रिकेटवेडे. होळकर संघाने चार वेळा रणजी जिंकली त्या काळातलं त्यांचं बालपण. कर्नल सी. के. नायडूंची ती गोष्ट इंदूरच्या घराघरांत सांगितली जाते, आमच्याकडे तर ती जेवणाबरोबर वाढली जायची: पन्नाशी उलटलेले नायडू रणजीचा अंतिम सामना खेळताहेत, दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसतो, दात तुटतात, आणि कर्नल ते बाजूला सारून पुन्हा स्टान्स घेतात. मी गुडघा फोडून आलो, परीक्षेत नापास झालो, नोकरी गेली, प्रत्येक वेळी बाबांचं एकच: “दात बाजूला सार. खेळ.”

या वाक्याने मला पुष्कळ वेळा उभं केलंय, ते नाकारत नाही.

पण २००३ च्या जानेवारीत पहाटे बाबांच्या छातीवर दडपण आलं. घाम आला, डावा हात जड झाला, जबडा दुखत होता. आईला म्हणाले गॅस आहे, ओवा घेतला, अंघोळ केली, शिकवणीची मुलं आली त्यांना बीजगणित शिकवलं. दीड तास. दहाला कोसळले. डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून होता? आईने पहाटेची वेळ सांगितली, आणि डॉक्टर पुढे काही बोलले नाहीत. अठ्ठावन्न वर्षांचे होते बाबा.

हृदयविकारात पहिला तास सर्वांत मोलाचा असतो, रक्तपुरवठा जितका वेळ बंद तितका स्नायू मरत जातो, हे आता मला पाठ आहे. तेव्हा आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. आणि माहीत असतं तरी बाबा उठले असते का? त्यांनी दात बाजूला सारले.

माझा मुलगा सोळाचा आहे, फास्ट बोलर. मागच्या वर्षी कमरेच्या दुखण्यासह तीन सामने खेळला आणि मला सांगितलं नाही. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं. त्या रात्री मी त्याला आजोबांची सगळी गोष्ट सांगितली, नायडूंची आणि पहाटेची, दोन्ही. म्हटलं, “दुखलं तर सांग. रात्री तीनला उठव मला. रडलास तरी चालेल.”

२०२२ मध्ये मध्य प्रदेशने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली, होळकरांच्या १९५२-५३ च्या विजेतेपदानंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी. मी टीव्हीसमोर बाबांच्या खुर्चीत बसलो होतो.

महू

वरचं वाचून डोळे भरून आले. माझं साधं आहे, पण कुणाचा तरी जीव वाचेल म्हणून लिहितो. पावसाळा तोंडावर आहे आणि पोरं पाताळपाणीला निघतीलच.

बाबा मीटरगेज रेल्वेवर गार्ड होते. महू, पाताळपाणी, कालाकुंड, पुढे खंडव्यापर्यंत. २०१८ मध्ये या मार्गावर कालाकुंडपर्यंत हेरिटेज गाडी सुरू झाली, लोक हौसेने जातात, पळसाच्या पानावरचा कलाकंद खातात. आमच्या लहानपणी ती रोजची गाडी होती. मी बाबांबरोबर ब्रेकव्हॅनमध्ये बसून जायचो, पाताळपाणीला गाडी थांबली की धबधब्याच्या वर चोरल नदीच्या खडकांवर पळायचो.

एकदा त्यांनी कॉलर धरून मागे ओढलं. वर निरभ्र ऊन. मी म्हटलं, पाऊस कुठे आहे? ते म्हणाले, “पाऊस इथे नाही पडत, तिकडे पडतो. पाणी इथे येतं. बघू नकोस, ऐक.” आणि खरोखर, नदीचा आवाज बदलला होता. जाडा झाला होता. मग पाणी गढूळ झालं, काटक्या, पानं, फेस वाहत आला, आणि पाच-सात मिनिटांत मी उभा होतो तो खडक दिसेनासा झाला.

२०११ च्या जुलैत तिथेच सहलीला आलेली माणसं वाहून गेली. त्याचं चित्रण देशभर दाखवलं गेलं. आमच्या घरी टीव्ही बंद केला होता बाबांनी. नुसते म्हणत होते, “आवाज आला असेल रे. आवाज आधी येतो.”

पाणी गढूळ झालं, कचरा वाहायला लागला, आवाज बदलला, यातलं एक जरी झालं तरी चप्पल, मोबाइल, डबा सोडून वर पळायचं. पलीकडच्या काठाकडे नाही, आपण आलो त्याच काठाकडे. मध्ये खडकावर थांबायचं नाही. मी माझ्या दोन्ही मुलांना तिथे नेऊन, उन्हाळ्यात कोरड्या खडकांवर उभं करून, हे दाखवलंय.

राजेंद्रनगर

आमच्या दादांनी मला सांगितलं होतं, “मी गेल्यावर रडण्याआधी एक फोन कर.” नेत्रपेढीचा नंबर त्यांनी देवघराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला होता. मी तेव्हा वीस वर्षांचा, ऐकायलाच तयार नव्हतो. त्यांनी जबरदस्तीने पाठ करून घेतलं: पंखा बंद करायचा, पापण्या मिटायच्या, त्यावर ओला कापूस ठेवायचा, डोक्याखाली उशी घ्यायची, सहा तासांच्या आत डोळे काढले पाहिजेत. चष्मा असला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं.

गेल्या वर्षी दादा गेले, पहाटे पाचला. मी फोन केला. हात थरथरत होता, पण काय करायचं ते माहीत होतं, आणि त्या तासात तेवढं एकच काम माझ्या हातात होतं. दोन जणांना त्यांची बुबुळं बसली. कोण ते सांगत नाहीत. सराफ्यात रात्री गर्दीत चालताना कुणी टक लावून बघितलं की मी थांबतो.

सुदामानगर (धागा काढणारा)

सगळे अनुभव मुलासमोर मोठ्याने वाचले. जामिनाचं वाचताना त्याने दोनदा थांबवून विचारलं. जेल रोडच्या ताईंचं वाचल्यावर त्याची धाकटी बहीण आतून येऊन बसली.

काल रविवारी दोघांना घेऊन जलूदला निघालो. पंपघरात आत सोडतील की नाही ठाऊक नव्हतं, पण निघालो. महूच्या पुढे घाटावर जाम दरवाजापाशी गाडी थांबवली. अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधलेला, माळवा तिथे संपतो आणि खाली एकदम निमाड पसरतो. धुकं होतं थोडं. ते विरलं तसं खालची शेतं दिसायला लागली, आणि फार लांब, एक बारीक चकाकती रेघ. पोरगी म्हणाली ती नर्मदा. मला खात्री नव्हती, पण दिशा तीच होती.

मी काहीच बोललो नाही. मुलगा कठड्याशी उभा राहून बराच वेळ खाली बघत होता. मग वळून त्याने विचारलं, “बाबा, तिथून इथे वर?”